चाळीस पावलांवर शंभर

ओलेटाने ताटली कागदावर पालथी घातली आणि डाव्या हाताने तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवली. वर्तुळ जिथे सुरू झालं तिथेच संपायला हवं होतं. ते पाव इंच बाजूला जाऊन संपलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"चालेल," व्हर्लिन म्हणाला. "टर्कीचं डोकंही काही गोल नसतं."

"मी दुसरं काढते."

"अगं, त्याला मारायचंय. त्याची तसबीर नाही लावायची घरात."

तिने दुसरं काढलं. पिकअपचं मागचं फळकं खाली पाडलं की तिचं टेबल होई. त्यावर खाटकाकडून आणलेल्या तपकिरी कागदाचा गुंडाळा, दहा इंची ताटली, कॉफीचा थर्मास आणि तिची काठी. वर्तुळाच्या मधोमध ती दर वर्षी टर्कीचं डोकं आणि मान काढायची. एका वर्षी ते डोकं हुबेहूब तिच्या थोरल्या दिरासारखं झालं होतं, आणि त्या वर्षी व्हर्लिनचा बार कधी नव्हे इतका मधोमध बसला होता. यंदाचं डोकं कुणासारखंच झालं नाही. डाव्या हाताला अजून माणसांची ओळख नव्हती.

व्हर्लिन कागद घेऊन पावलं मोजत निघाला आणि चाळिसाव्या पावलावर, वाळक्या गवताच्या मोठ्या भाऱ्याला, त्याने तो टाचला. यंदा त्याची पावलं लांब पडताहेत असं तिला वाटलं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाची पावलं सहसा लांब होत नाहीत. तिने त्यावर फार विचार केला नाही.

आमच्या डोंगरात टर्कीच्या बाबतीत प्रत्येक घराचा आपापला धर्म असतो. स्टबलफील्डांचा, म्हणजे व्हर्लिनच्या घराचा, असा: चाळीस पावलांवर, ताटलीएवढ्या वर्तुळात, एका बारातले शंभर छर्रे बसले पाहिजेत. नव्याण्णव बसले तर बंदूक कपाटात. टर्कीला डोक्यात आणि मानेतच मारायचं असतं. छर्रे विरळ पडले तर पक्षी पडत नाही, जखम घेऊन झाडीत शिरतो आणि तीन दिवसांनी कुठेतरी मरतो. व्हर्लिनच्या बापाने असा एक पक्षी घालवला होता. त्याबद्दल तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही, म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मोजायचं काम लग्नानंतरच्या पहिल्या वसंतापासून ओलेटाचं. व्हर्लिनला जवळचं दिसत नाही आणि चष्मा तो बंदुकीबरोबर आणत नाही, कारण काचेची चमक टर्कीला दिसते. इथे टर्की नसते, नुसता कागद असतो, हे तिने त्याला एकदा सांगून पाहिलं होतं.

एक्कावन्न वर्षांत तिने एका छऱ्याचीही लबाडी केली नव्हती. एकदा बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री आपली बंदूक घेऊन आले, व्हर्लिनबरोबर रानात जायचं म्हणून. त्यांचे अठ्ठ्याण्णव भरले.

"दोन छर्रे देवाच्या नावावर धर, ओलेटा," ते म्हणाले.

"देवाने येऊन भोकं पाडावीत, मी मोजीन," ती म्हणाली.

पाद्री त्या वर्षी घरी बसले. पुढच्या रविवारी प्रवचनाचा विषय क्षमा हा होता.

यंदा मात्र तिने ठरवूनच टाकलं होतं. कागदावर काहीही दिसो, शंभराच्या खाली बोलायचं नाही.

फेब्रुवारीच्या बारा तारखेला सकाळी ती स्वयंपाकघरात पडली होती. ओव्हनमध्ये बिस्किटं होती. डोक्यातली एक बारीक नस तुंबली, असं डॉक्टर म्हणाले. झटका छोटा होता, असंही म्हणाले. छोटा म्हणजे डॉक्टरांच्या मानाने. व्हर्लिन कोंबड्यांचं खाद्य आणायला बाजारात गेला होता. तो परतला तेव्हा घरभर धूर होता आणि ती फरशीवर उताणी पडून छताकडे बघत होती. किती वेळ पडली होती ते तिला सांगता आलं नाही. बिस्किटांची अवस्था बघून त्यानेच दोन तास धरले.

उजवा हात आता पेला धरण्यापुरता उरला होता, तोही अर्धा भरलेला. चालायला काठी. डार्ला, त्यांची मुलगी, रोज संध्याकाळी स्प्रिंगफील्डहून फोन करून बापाला बजावायची की आईला एकटीला सोडायचं नाही. बाप "हो" म्हणायचा. बाजारातल्या बंदुकांच्या दुकानाचा मालक लोनी, त्याची बायको मेव्हिस सकाळी येऊन बसायला तयार होती. "मेव्हिस येऊन बसली तर मला दुसरा झटका येईल," ओलेटाने सांगून टाकलं होतं. पगारी बाईचा विषय निघाला तेव्हा तिने नुसती काठी आपटली होती. काठीचा एवढाच काय तो आनंद.

आणि परवा सोमवारी टर्कीचा हंगाम सुरू होत होता. तीन आठवडे. एक्कावन्न वर्षांत हंगामाचा पहिला दिवस व्हर्लिनने एकदाच चुकवला होता, डार्ला जन्मली तेव्हा, आणि त्याबद्दल डार्ला अजून ऐकून घेते. यंदा मार्चभर तो त्याविषयी बोललाच नाही. तिने विचारलं की म्हणायचा, "बघू, बंदूक काय म्हणते." तिने त्यातून काढायचा तो अर्थ काढला. माणसाची जायची इच्छा गळ्यापर्यंत आली आहे आणि तोंडातून निघत नाही. तीन आठवडे रोज पहाट फुटताना हा समोरच्या खुर्चीत बसून डोंगराकडून येणाऱ्या नरांच्या आरोळ्या ऐकणार, आणि आपण त्याचं ते ऐकणं बघत राहणार. यापेक्षा पुन्हा फरशीवर पडलेलं बरं, असं तिचं मत झालं होतं.

व्हर्लिन परत आला आणि त्याने पत्र्याचा डबा उघडला. आत तिनेच शिवलेले हिरव्या फेल्टचे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एक चोक. चोक म्हणजे बंदुकीच्या नळीच्या तोंडात आतून पेचाने बसणारी बोटभर पोलादी कडी. ती जितकी घट्ट, तितके छर्रे एकवटून जातात. जितकी सैल, तितके पसरतात. कुठली कडी कोणती, ते तिच्या काठावरच्या खाचांवरून कळतं. एक खाच म्हणजे सगळ्यात घट्ट, टर्कीसाठी. पाच खाचा म्हणजे नळी सताड मोकळी. ती शरद ऋतूत लाव्यांसाठी, भुर्रकन उडणाऱ्या पक्ष्यावर वीस पावलांवरून झाडायला.

"हा कुठला लावतोस?" तिने विचारलं.

"तो घट्टवाला आता थकलाय. जरा दुसरा लावून बघतो."

"पोलाद थकतं?"

"तीस वर्षांत काय काय थकतं ते बघितलं नाहीस?"

"मी बघितलंय. पोलादाने बघितलंय का, ते विचारतेय."

त्याने डबा बाजूला सरकवला. काडतुसांचा खोका काढला. ओलेटाची मान लांब झाली.

"चार नंबर? तू पाचच वापरतोस."

"चारचे छर्रे जाड असतात. दम असतो त्यांच्यात."

"जाड असतात म्हणून कमी मावतात, असं तूच सांगायचास."

"लोनी म्हणाला, वापरून बघ."

व्हर्लिनने लोनीचं काही ऐकल्याचं आजवर कुणाच्या कानावर नव्हतं. पण माणूस म्हातारपणी सुधारू शकतो, असं धरून तिने कानांवर आवाज अडवायच्या वाट्या चढवल्या. तो टेबलाशी बसला, नळी वाळूच्या पिशवीवर टेकवली, गाल दस्त्याला लावला. टर्कीच्या काडतुसाचा धक्का म्हणजे खेचराची लाथ. बार उडाला, व्हर्लिन खुर्चीसकट चार बोटं मागे आला आणि आपल्याकडे कुणी बघत नाही असं समजून त्याने खांदा चोळला.

कागद आणला. ओलेटाने एकेका भोकावर पेन्सिलीची टीक मारत मोजायला सुरुवात केली. डाव्या हाताने वेळ लागत होता. तो काठीवरची मुंगी बघत उभा राहिला. एकाहत्तर भरले.

"एकशे तीन," ती म्हणाली.

तिला वाटलं होतं, जीभ अडखळेल. हल्ली ती 'चमचा' म्हणतानासुद्धा अडखळायची. पण 'एकशे तीन' अगदी साफ बाहेर पडलं.

"एकशे तीन?" व्हर्लिनने टोपी मागे सरकवली. "चारच्या काडतुसातून?"

"बंदूक तुझी आहे. मला काय विचारतोस?"

तो खूश होईल असं तिने धरलं होतं. तो खूश दिसला नाही. निवडणुकीत नको ते गृहस्थ निवडून आल्यावर तो जसा उभा राहतो तसा उभा राहिला.

"एका बारावर विश्वास ठेवू नये," तो शेवटी म्हणाला. "दुसरा लावून बघू."

"अरे, शंभराच्या वर गेला की! बस झालं. नियम पुरा झाला."

"नियमात दोन बार आहेत."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुला सांगायचं राहिलं."

"एक्कावन्न वर्षं?"

"विषय निघाला नाही."

त्याने पाठ वळवून दुसरा चोक बसवला, नवा कागद लांब पावलं टाकत लावून आला, बसला. दुसरा बार. या वेळी खांदा चोळताना त्याने कुणी बघतंय का ते पाहिलंसुद्धा नाही. तिने मोजले. बावन्न. डोक्याच्या डाव्या अंगाला तर हिंडायला मैदान होतं. हा पक्षी उडून गेला असता आणि नातवंडांना गोष्ट सांगत बसला असता.

"एकशे आठ."

व्हर्लिनने कागद हातात घेतला आणि हात पुरेल तितका लांब धरला. मग मान मागे नेऊन आणखी थोडा लांब केला.

"जरा रिकामा वाटतो, नाही?"

"चष्मा आणला असतास तर भरलेला दिसला असता."

त्याने कागद घडी करून फळक्यावर ठेवला. तिने थर्मास उघडला. पेला डाव्या हातात आणि थर्मास उजव्यात, असा तिने डाव टाकून पाहिला. थर्मास डुगडुगायला लागल्यावर व्हर्लिनने खालून हात लावला, जणू तो थर्मासच्या मागे उजाडलेल्या डोंगराकडे बघतोय. डोंगर जांभळा झाला होता, रेडबडची झाडं फुलली होती. त्याने बिस्किटावर काकवी ओतली, अर्धं तिच्या हातात दिलं आणि स्वतःचं अर्धं खाता खाता बंद पिकअपच्या चाकाला उगाच एक लाथ मारून पाहिली.

"सोमवारी वरच्या ओहोळापाशी बसशील ना?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी तो मोठा तिथेच होता."

"अजून एक बार मारतो."

"आता कशाला? तुझा खांदा बघ."

"काय झालंय खांद्याला?"

"कानापर्यंत आलाय."

"तो थंडीने आलाय. दोन बार दोन तऱ्हेचे झाले. तिसरा निकालाचा."

"हाही नियमात आहे?"

"बापाच्या वेळेपासून."

"तुझ्या बापाला तीनपर्यंत मोजता तरी येत होतं का?"

"म्हणून तर तीनच ठेवले," व्हर्लिन म्हणाला आणि चोक बदलायला इतका पाठमोरा झाला की तिला त्याच्या शर्टाचं कापड तेवढं दिसलं.

तिसरा बार झाला. कागद आणायला तो हळू गेला, हळू आला. तिच्यापुढे कागद ठेवून "मी चौथा लावून ठेवतो, लागला तर," असं म्हणत लगेच पुन्हा निघाला.

ओलेटाने कागद सरळ केला. तिच्या तोंडात 'एकशे पाच' तयार होतं. पण कागदाकडे बघून ते तिथेच थांबलं. वर्तुळात मोजायला काही फार नव्हतं. तेवीस. उरलेले छर्रे कागदभर, कोपऱ्यांपर्यंत, एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब लांब बसले होते. तिने पुन्हा पाहिलं. जुनं काडतूस असं करत नाही. वारा असं करत नाही, आणि आज वारा नव्हता. हलणाऱ्या हाताने सगळे छर्रे एका बाजूला गेले असते. हे सगळीकडे गेले होते. असा कागद तिने पूर्वी पाहिला होता, पण एप्रिलमध्ये नाही. नोव्हेंबरात, लाव्यांच्या दिवसांत.

तिने डबा पुढे ओढला.

एक खाचवाला चोक आपल्या कप्प्यात होता. तेल लावलेला, लखलखीत, थकल्याची कुठलीही खूण नसलेला. दोनवाला जागेवर. तीनवाला, चारवाला जागेवर. पाच खाचांचा कप्पा रिकामा होता.

कडेचा फेल्ट थोडा उचललेला होता. तिने शिवलेला होता तेव्हा तो उचललेला नव्हता. तिने बोट घातलं तर खाली आणखी एक चोक निघाला, नवा कोरा, प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट न फोडलेलं. वर छापलं होतं की याच्याइतका घट्ट दुसरा नाही. मागे लोनीच्या दुकानाची पावती टाचलेली होती. बारा फेब्रुवारी. सकाळचे दहा बावन्न.

बिस्किटं ती साडेनऊला ओव्हनमध्ये घालते.

त्या दिवशी तो कुठे होता हे तिने कधी विचारलं नव्हतं. खाद्याचं पोतं घ्यायला दहा मिनिटं लागतात, हा हिशोबही तिने मांडला नव्हता. आता तिला तो दिसला. लोनीच्या काउंटरवर कोपर टेकलेलं, टोपी मागे, समोर लोनी, दोघांच्या मध्ये मांडलेले चोक, आणि कुठला किती घट्ट यावर दोघे तावातावाने बोलताहेत. वर्षातले त्याचे सगळ्यात सुखाचे दोन तास. हंगामाच्या आधीचे.

तिने पाकीट होतं तसं फेल्टखाली सरकवलं. झाकण लावायला तिने उजवा हात वापरला. तिसऱ्या खेपेला ते लागलं.

मग तिने मान वर केली. तो भाऱ्याकडून परत निघाला होता, हात खिशात, आपल्या नेहमीच्या चालीने. तिने त्याची पावलं मोजली. सत्तेचाळीस भरली.

"किती?" त्याने विचारलं. विचारताना तो तिच्याकडे नाही, डब्याकडे बघत होता.

ओलेटाने पेन्सिल कागदावर आडवी ठेवली.

"तेवीस."

"किती?"

"तेवीस."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे शेजारच्या काउंटीत पोचले असतील एव्हाना."

त्याचा खांदा कानापासून खाली आला. मग दुसराही आला. एवढा वेळ तोही वर होता हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"नीट मोजलेस?"

"दोनदा मोजले. दुसऱ्या वेळी बावीसच भरले. एका जागी माशी बसली होती."

आधीच्या दोन कागदांबद्दल त्याने काही विचारलं नाही. तिनेही चोकबद्दल काही विचारलं नाही.

"तेवीस म्हणजे फारच झालं," तो म्हणाला.

"पाद्र्यांचे अठ्ठ्याण्णव होते."

"अठ्ठ्याण्णववाल्याला घरी बसवलं मी."

"मग तू कुठल्या तोंडाने जाणार?"

"नाहीच जाता येणार."

"नाहीच."

व्हर्लिनने वाईट वाटल्याचा चेहरा केला. तो त्याला कधीच जमला नव्हता. तिच्या बापाच्या दफनालाही जमला नव्हता. ओलेटाने त्याला तो पुरा करू दिला आणि तोवर ताटली फडक्यात गुंडाळली. गुंडाळताना तिचे ओठ जरा आवळले गेले. तीन आठवडे. रोज.

"घरी गेल्यावर ती खिडकीजवळची खुर्ची सरकव," ती म्हणाली. "शेजारी दुसरी मावेल अशी."

"कशाला?"

"एकाच कानाने कशाला ऐकायचं सगळं? सोमवारपासून मीपण उठेन."

"पहाटे पाचला?"

"झोपायचं तेवढं फरशीवर झोपून झालंय माझं."

मग त्याने चौथा, कोरा कागद तसाच भाऱ्यावर सोडून दिला, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून गवसणीत घातली, तिला काखेत हात घालून पिकअपच्या पुढच्या सीटवर चढवलं आणि दार लावण्याआधी तिच्या कोटाचं टोक आत सरकवलं.

मळ्यातून बाहेर पडून खडीच्या रस्त्याला लागले तर वळणावर, रस्त्याच्या बरोबर मध्यभागी, एक नर उभा होता. पिसारा पूर्ण फुलवलेला, पंखांची टोकं खडीवर घासत, डोकं निळं-पांढरं-लाल. कडेला दोन माद्या त्याच्याकडे पाठ करून बिया टिपत होत्या. त्याला गाडीची फिकीर नव्हती. टर्की मूर्ख असते असं म्हणणाऱ्यांनी कधी टर्की मारलेली नसते. पण वर्षातले हे थोडे दिवस त्यांचंही म्हणणं अगदीच खोटं नसतं.

व्हर्लिनने ब्रेक दाबला. मग इंजिनच बंद केलं.

नर गरकन वळला आणि त्याने आरोळी दिली. काचा बंद असूनही ती छातीत ऐकू आली. माद्यांनी बिया टिपणं चालू ठेवलं.

"लोनीने सात मांडले होते," व्हर्लिन म्हणाला. तो समोरच बघत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी चालू असल्यासारखे. "काउंटरवर. सात वेगवेगळे. मी सातही हातात घेऊन बघितले, ओलेटा. दोनदा."

नराने खडीवर पंख घासत चार पावलं टाकली.

"सात मांडलेले असले की बघणारच माणूस," ती म्हणाली.

"बघून झाल्यावर कॉफी घेतली."

"लोनीची कॉफी? मग शिक्षा झालीच की तुला."

तो हसला नाही.

"तू घरी असतास तरी मी पडलेच असते, व्हर्लिन. तू असतास मागे शेडमध्ये. नाहीतर पोर्चवर घोरत."

"धूर आला असता नाकात."

"तुझ्या? तुला बिस्किट करपलंय हे दुसरं खाताना कळतं."

त्याने नाकातून श्वास सोडला. ते हसू होतं की काय ते सांगता आलं नसतं, पण स्टिअरिंगवरचा उजवा हात निघाला, दोघांच्या मधली जागा ओलांडून आला आणि तिच्या मांडीवरच्या उजव्या हातावर, त्या अर्ध्या पेल्यापुरत्या हातावर, ठेवला गेला. तिला वजन कळत होतं. ऊब जरा उशिरा कळली.

नर आता बॉनेटपासून दहा-बारा पावलांवर होता. छातीवरचा केसांचा झुबका, ज्याला सगळे दाढीच म्हणतात, जमिनीला टेकायचा तेवढा बाकी होता.

"दाढी किती असेल गं त्याची? दहा इंच?"

"मला काय विचारतोस? माझ्या मोजण्याचा काही भरवसा राहिलेला नाही."

"आहे," व्हर्लिन म्हणाला. "मोज तू."